टेकडी केंद्राला किती गुण

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मुख्य अभियंत्यांनी बोलावलं. ऑफिसात त्यांना सगळे 'झाकण' म्हणतात, कारण कुठलाही विषय त्यांच्या टेबलावर गेला की तिथेच मिटतो. आज उलट झालं. शहराला पाणी देणाऱ्या नऊ पंपिंग केंद्रांपैकी कोणतं किती कार्यक्षम आहे, हे आकड्यांनी ठरवून द्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी या खात्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून केस पिकवले आणि लोकांनी माझ्याकडून नुसते तक्ते करून घेतले. आज पहिल्यांदा कुणीतरी मॉडेल मागितलं. जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होते.

खाली येऊन कागद नीट वाचला. जे केंद्र शेवटचं येईल, ते वर्षअखेर बंद करायचं आणि त्याची वस्ती नव्या मोठ्या जलवाहिनीला जोडायची. आवारातली घरं असतील तर तीही पाडायची.

आवारात घरं असलेलं केंद्र एकच, टेकडीचं. दोन घरं आहेत. एकात हल्लीचा ऑपरेटर राहतो, दुसऱ्यात माझे वडील. अण्णांनी तिथे उभा जन्म पंप चालवले, आणि निवृत्त झाल्यावर देखरेखीच्या नावाखाली खात्याने त्यांना राहू दिलं. माझं सगळं लहानपण त्याच घरात गेलं. झाकणसाहेबांना हे ठाऊक नाही आणि मी सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? आकडे काही माझे नातेवाईक नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

नेहमीप्रमाणे टेकडीवर. फाटकातून आत शिरलं की अजूनही आधी तळपायांना कळतं. पंप चालू असले की आवारातली फरशी बारीक थरथरते. लहानपणी मी शाळेतून आले की दप्तर टाकून पंपघरात पालथी पडायची आणि गाल फरशीला लावायची. कोमट तेलाचा वास यायचा. आई वरून ओरडायची, "उठ, फ्रॉक काळा होईल." ओरडायचीच, कारण त्या आवाजात साधं बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे. आमच्या घरातलं प्रेमसुद्धा मोठ्या आवाजात चालायचं. पाहुण्यांना वाटे, यांचं कडाक्याचं भांडण चाललंय.

वीज गेली की पंप थांबायचे आणि आम्ही तिघंही झोपेतून खाडकन जागे व्हायचो. लोकांना आवाजाने जाग येते, आम्हाला शांततेने यायची. हे मी कुणाला सांगितलं की हसतात.

मी तेव्हा तिन्ही पंपांची शाळा घ्यायची. पहिला हुशार, तिसरा वांड, मधला रडका, कारण तो सारखा गळायचा. खडूने भिंतीवर तिघांना गुण द्यायची. अण्णा मला तेव्हापासून मास्तरीणबाई म्हणतात.

आज त्यांना सांगितलं, "अण्णा, एक केंद्र बंद करायचं चाललंय. पण काळजी करू नका, हिशोब माझ्याच हातात आहे."

"कधी बंद करायचं म्हणतात?"

"वर्षअखेर. पण मी होऊ देणार नाही."

ते चहा टाकायला उठले. धीर आला असावा.

आतल्या खोलीत पलंग दिसला नाही. म्हणाले, कंबरेला जमिनीवरच बरं वाटतं. म्हातारपणी एकेक नवं खूळ. निघताना विचारलं, "तुमच्याकडची लिफ्ट चालू असते का गं हल्ली?" मी म्हटलं, असते की, का? "काही नाही, सहज." माझी किती चौकशी करतात. मी त्यांना लिफ्टच्या नव्या मोटरची सगळी हकिगत ऐकवली.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिला निकाल आला. पद्धत तशी सोपी आहे. प्रत्येक केंद्राला वीज किती लागते, माणसं किती, पाइप किती लांब, आणि त्याबदल्यात घरांपर्यंत पाणी किती पोचतं, हे मांडायचं. सगळ्यांत चांगली केंद्रं मिळून वर एक रेघ आखतात. बाकीची त्या रेघेच्या किती खाली आहेत, ते मोजायचं. रेघेवर असेल त्याला शंभर गुण.

टेकडीला अठ्ठावन्न. शेवटून दुसऱ्याला त्र्याहत्तर.

तीनदा चालवून पाहिलं. अठ्ठावन्नच. निम्मं पाणी वाटेत गळतंय आणि वीज पोटभर खातंय. मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो नक्की कुणाचा ते कळेना.

१६ सप्टेंबर, मंगळवार

झाकणसाहेबांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, आकडे स्वच्छ करतेय. तेवढ्यात बिलिंगचे प्रमुख डबा उघडता उघडता म्हणाले, "टेकडीवाल्यांची नेहमीची रड, चढ आहे, चढ आहे. नाचता येईना अंगण वाकडं."

मी म्हटलं, "पण त्यांचं अंगण खरंच वाकडं आहे हो."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सपाटीवरच्या केंद्राशी टेकडीची तुलना करणं हा अन्यायच की. पाणी वर चढवायला वीज जास्त लागणारच. मॉडेलमध्ये चढ घातला. टेकडीला सहासष्ट. अजून शेवटचंच, पण वर सरकलंय. कुठल्याही जाणकाराने हेच केलं असतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाइपांचं वयही धरायला हवं. म्हाताऱ्याला तरुणाबरोबर पळायला लावून "तू मागे का" म्हणण्यात काय अर्थ आहे? वय घातलं. सत्त्याहत्तर.

बाकीचीही वर गेली, त्यामुळे टेकडी अजून शेवटचीच. पण मी योग्य दिशेने चाललेय.

२१ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा अण्णांकडे. कपाटही नाहीसं झालंय. म्हणाले, वाळवी लागली होती. त्या कपाटाच्या आरशात बघून आई वेणी घालायची. मला न विचारता टाकून दिलं म्हणून जरा तोंडातून गेलंच. ते म्हणाले, "आरसा ठेवलाय काढून. तुला हवा तर ने."

मी म्हटलं, "मला तो इथेच हवाय. जागच्या जागी."

मग म्हणाले, "नातीच्या खोलीत ऊन येतं का गं सकाळचं?" लेक शिकायला लांब गेल्यापासून त्यांना तिची सारखी आठवण येते. मी म्हटलं, येतं, पण आता तिथे इस्त्रीचे कपडे आणि माझं शिवणयंत्र असतं, पाय ठेवायला जागा नाही. "हं," म्हणाले.

जिन्यावर बसून आम्ही बराच वेळ खालचं शहर पाहिलं. मीच बोलत होते. आई, मधला रडका पंप, एकदा फाटकातून गाढव आत शिरलं होतं ती गंमत. इथे बसलं की मला बरं वाटतं. सगळं जिथल्या तिथे असतं. अण्णा नसते तर या जागेचं काय झालं असतं, आणि ही जागा नसती तर अण्णांचं काय झालं असतं, असं मनात आलं.

बोलता बोलता ते म्हणाले, "वरच्या गल्लीत पाणी चढतच नाही हल्ली. बायका इथे खाली येऊन नळावर हंडे भरतात. नवी लाइन आली तर सुटतील बिचाऱ्या." मी लगेच विचारलं, गल्ल्या किती विखुरलेल्या आहेत? दोन घरांत अंतर किती? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनीच वाट दाखवली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वस्तीचा विखुरलेपणा घातला. नव्वद. मग ग्राहकांतल्या छोट्या नळजोडण्यांचं प्रमाण घातलं.

टेकडीला शंभर.

मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. टेबलावर ताल धरावासा वाटत होता. शेवटचं आता सपाटीवरचं गोदामांजवळचं केंद्र येतंय. तिथे कुणी राहत नाही, कुणाचं काही जात नाही. नवांपैकी सातांना शंभर मिळालेत हे थोडं खटकलं. पण प्रत्येक गोष्टीला आधार आहे. एकही आकडा मी मनाने घातलेला नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

जेवताना आमच्या दातांच्या डॉक्टरांना, म्हणजे नवऱ्याला, निकाल सांगितला. कौतुक करतील असं वाटलं होतं.

म्हणाले, "नवांत सात जण पहिले? मग परीक्षा घेतलीस कशाला?"

मी समजावलं की प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्यासारख्याच केंद्रांशी व्हायला हवी.

"आणि टेकडीसारखं दुसरं कोणतं आहे?"

"तसं कोणतंच नाही."

"म्हणजे शर्यतीत एकटाच पळाला आणि पहिला आला." त्यांनी भाजी वाढून घेतली. "आपला तो बाब्या."

मी ताट उचलून उठले. माणसांचे दात उपटणाऱ्याने मला मॉडेल शिकवू नये. मागून म्हणाले, "अगं, अण्णांना विचारलंस का, त्यांना काय हवंय?" विचारायचं काय त्यात? ज्या माणसाने उभा जन्म त्या थरथरणाऱ्या फरशीवर काढला, त्याला विचारायचं की तुम्हाला तुमचं घर हवंय का?

३० सप्टेंबर, मंगळवार

बैठक झाली. आलेख पडद्यावर गेले. कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत, कारण कुणाला फारसं कळलं नाही. हे मी इथेच लिहू शकते. झाकणसाहेब म्हणाले, "मॅडमनी मेहनत घेतली आहे." टेकडीला पाच वर्षांची मुदतवाढ, घरांसकट. वरच्या गल्लीसाठी नव्या लाइनचं काय, असं कुणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, केंद्र उत्तम चाललंय तर लाइन कशाला? विषय मिटला.

मला आनंद झाला. झालाच. फक्त तो लाइनचा प्रश्न मघापासून डोक्यात घुटमळतोय.

५ ऑक्टोबर, रविवार

धावत टेकडीवर गेले. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. दाराशी ट्रंक होती, दोरी बांधलेली.

"अण्णा, वाचलं. पाच वर्षं. कुणी हलवत नाही तुम्हाला."

त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून आमच्या जुन्या पद्धतीने ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "ऐकलं गं. पाच वर्षं."

मग म्हणाले, "छान केलंस. खूप केलंस माझ्यासाठी." माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसाच. आनंदाने बोलवेना त्यांना. मलाही रडू आलं.

नंतर म्हणाले, "आता आलीच आहेस तर ट्रंक माळ्यावर चढवू लाग." बाप रे, काय जड. विचारलं, यात आहे काय? जुने कपडे, म्हणाले. वर ढकलताना त्यांना धाप लागली. मी ओरडले की असली कामं एकट्याने करत जाऊ नका.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी ऑफिसात टेकडीच्या ऑपरेटरचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल, त्याचंही घर वाचलंय.

म्हणाला, "ताई, तो पलंग आणि कपाट परत आणून ठेवू का? अण्णांनी मला देऊन टाकलं होतं, पण आता ते राहणारच म्हटल्यावर माझ्याकडे ठेवणं बरं दिसत नाही. स्वतःहून मागायचे नाहीत ते."

मी विचारलं, "देऊन का टाकलं होतं?"

"लेकीकडे चाललो म्हणाले होते. तिथे सगळं आहे, म्हणे. ऊन पण येतं." मग तोच गोंधळला. "तुम्हाला माहीत असेलच की."

मी म्हटलं, हो. ठेवा परत.

फोन ठेवला. लेकीकडे. त्यांना एकच लेक आहे. लिफ्ट, ऊन, शर्ट, ट्रंक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते कशाला, ते मला या वयात कळावं? लोकांच्या नळाला किती पाणी येतं ते मी घरात बसून सांगू शकते, आणि माझा बाप महिनाभर मला काय विचारत होता ते मला समजलं नाही.

घरी येऊन लेकीच्या खोलीचं दार उघडलं. इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पलंगावर तसाच होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

रजा टाकली आणि टेकडीवर गेले. मधल्या वारी मला बघून अण्णा घाबरले. "काय झालं? जावईबापू बरे आहेत ना?"

मी दारातच विचारलं, "तुम्हाला माझ्याकडे यायचं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "यायचं म्हणजे... तू म्हणाली असतीस तर आलो असतो."

"मग सांगायचं नाही का अण्णा? मी एवढी धडपड केली."

"तेच तर. तू एवढी धडपडत होतीस, म्हटलं, हिचा जीव आहे या घरात. राहू आपण." मग थांबून म्हणाले, "तुझी आई गेल्यावर इथे करमत नाही गं. कानातून आवाज जात नाही. पंप बंद असले तरी चालूच असतात."

मी रडत होते, मोठ्यांदा. ऑपरेटरची बायको डोकावून गेली.

मी म्हटलं, "पण इतकी वर्षं का राहिलात मग?"

"तुझ्या घरी आलो की तू उभ्या उभ्या बोलतेस," ते म्हणाले. राग नव्हता, नुसतं सांगत होते. "गॅसपाशी जातेस, फोनपाशी जातेस. इथे आलीस की दिवसभर बसतेस जिन्यावर. आईचं बोलतेस. मला वाटायचं, हे घर गेलं तर तेवढंही जाईल."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनीच भात लावला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

झाकणसाहेबांकडे गेले. सांगितलं, टेकडीचे शंभर गुण खोटे आहेत. म्हणजे आकडे खरे आहेत, गुण खोटे आहेत. मी एवढे निकष घातले की त्याच्याशी तुलना करायला कुणी उरलंच नाही, आणि ज्याच्याशी तुलना होत नाही त्याला हे मॉडेल आपोआप शंभर देतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी थांबले नाही. त्या आवारात माझे वडील राहतात.

त्यांनी कागद पुढे ओढले. "खरे गुण किती?"

"सहासष्ट. चढ धरून. चढ खरा आहे, बाकीचं सगळं माझं."

"आणि शेवटून दुसऱ्याला?"

"चौऱ्याहत्तर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, हे लेखी द्या. यापुढे हे काम बाहेरच्या संस्थेकडे जाईल." विषय मिटला. मी पुन्हा तक्त्यांकडे. वाईट वाटलं, खूप वाटलं, कारण ते माझं आयुष्यातलं पहिलं मॉडेल होतं आणि चढापर्यंत ते फार सुंदर होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाब्याची आठवण करून देतील. त्यांनी नुसतं विचारलं, शिवणयंत्र कुठे हलवायचं.

३० नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी पंप बंद झाले. वरच्या गल्लीत नवी लाइन पोचली आहे. ऑपरेटरची बदली सपाटीवर झाली, त्याला तिथे घरही मिळालं. पंप थांबताना मी पंपघरात उभी होते. तळपायांखालची थरथर कमी कमी होत गेली आणि मग नुसती फरशी उरली. मला हुंदका आवरेना. अण्णा बाहेर टेम्पोत पुढच्या सीटवर बसून हाक मारत होते, "चल गं, जेवायला उशीर होतोय."

आज त्यांचा इथला पहिला रविवार. खोलीत ऊन आलंय. डॉक्टरांशी त्यांचं टीव्हीच्या आवाजावरून एकदा वाजलंसुद्धा. बाहेरून कुणाला वाटावं की कडाक्याचं भांडण चाललंय.

मी सकाळपासून सैरभैर आहे. रविवार म्हणजे टेकडी, हे अंगवळणी पडलंय. दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. डोळ्यांसमोर सारखा तो जिना, ते हिरवं फाटक, आई. परक्या गावी आल्यासारखं मला माझ्याच घरात वाटतंय. शेवटी न राहवून अण्णांना विचारलं, "तुम्हाला येते का हो टेकडीची आठवण?"

ते पेपर वाचत होते. खाली न ठेवता म्हणाले, "मला कशाला येईल? आठवण सोडून गेलेल्याला येते. मी कंटाळा येईपर्यंत राहिलो तिथे."

मग पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "रडू नको गं. सांग, रविवारी तुम्ही लोक करता तरी काय?"

मला कुठे ठाऊक? लग्नानंतरचे माझे सगळे रविवार टेकडीवर गेले होते.